खारीची नवमी

एका जंगलात एक खार राहत असे. पौर्णिमा जवळ आली की तिचा पाय जमिनीवर ठरत नसे. वणव्यात झाडे होरपळल्यापासून सिंहाच्या कोठारातून घरोघर महिन्याची वरी मिळे, ती पौर्णिमेलाच. त्या दिवशी अख्खे जंगल कोठारावर लोटे. मुलांनो, त्या रेटारेटीत वीतभर खारीची काय गत होत असेल? एकदा तर रानडुकरिणीचा धक्का लागून तिची बरीच वरी धुळीत सांडली आणि पिल्लांना शेवटचे चार दिवस पाणी पिऊन झोपावे लागले.

या पौर्णिमेला कोठार सांभाळणाऱ्या हत्तीने दारात उभे राहून नवी व्यवस्था जाहीर केली. "आता ज्याची त्याची तिथी. आज रानडुकरं, चतुर्थीला माकडं, नवमीला खारी. गर्दी नाही, धक्का नाही." खार आनंदाने टुणकन उडी मारून घरी पळाली आणि पिल्लांना बातमी सांगता सांगता तिने मडक्यात हात घातला. मडक्याचा तळ हाताला लागला. नवमीला अजून नऊ दिवस होते.

ती धापा टाकत परत आली. "हत्तीदादा, तिथी बदलली, पण पोटाला कोण सांगणार?"

हत्ती ओशाळला. "बाई, माझ्या ध्यानातच आलं नाही. कोठारात राहणाऱ्याला रिकामं मडकं कुठलं दिसायला? मग पुन्हा सगळ्यांना एकाच दिवशी वाटू का?"

खारीला रडू फुटले. इकडे आड, तिकडे विहीर. तेवढ्यात वरीचे मडके डोक्यावर घेऊन निघालेली रानडुकरीण थांबली. "अगं, रडतेस कशाला? नऊ दिवसांचं माझ्यातलं ने, नवमीला आणून दे. आजवर तुझं संपायचं त्याच दिवशी माझंही संपायचं. देणार तरी काय होते मी?"

नवमीला कोठारासमोर मोजून सहा खारी होत्या. हत्तीने मधल्या नऊ दिवसांची वरीही मापात घातली आणि एक दाणा सांडला नाही. खारीने घरी जाण्याआधी रानडुकरिणीची वरी शिगोशीग परत केली आणि मग ती सगळ्या वाटेने उड्या मारत गेली.

पुढची पौर्णिमा दोन दिवसांवर आली, तेव्हा संध्याकाळी खारीच्या झाडाखाली कोणीतरी खाकरले. पळसाच्या पानांचा द्रोण घेऊन रानडुकरीण खाली मान घालून उभी होती. "आठ पिल्लं आहेत गं. पुरवून पुरवून खाल्लं, तरी संपलं."

खारीने मडके उघडले. अजून त्यात नवमीपर्यंतची वरी होती. द्रोण भरता भरता ती हसून म्हणाली, "खारीचा वाटा तो केवढा. पण आज माझ्याकडे आहे."

तात्पर्य : वाटणाऱ्याने आधी घेणाऱ्याच्या मडक्यात डोकावावे, आणि ज्याचे मडके आज भरले आहे त्याने शेजाऱ्याची तिथी लक्षात ठेवावी.