निधनवार्तेची पहिली ओळ

सांगलीतल्या एका बातम्यांच्या वेबसाइटवर निधनवार्ता लिहायचं काम वृंदा आरवाडेकडे होतं. संपादक दिनकरराव म्हणत, "'दुःखद निधन' कोण वाचतं हो? पहिल्याच ओळीत वाचक चाट पडला पाहिजे!" म्हणून जन्मभर मुलांना शिकवून गेलेल्या एका बाईंची बातमी 'यांच्या घरात होती सतरा मांजरं!' अशी सुरू झाली. बाईंचा मुलगा फोनवर रडला. वृंदाला त्या दिवशी घास गेला नाही.

पुढे मिरजेला एकटे राहणारे दिनकररावांचे वडील वारले. माहिती आणायला वृंदाच गेली.

परतल्यावर तिने सगळ्यांदेखत विचारलं, "साहेब, पहिली ओळ नेहमीसारखीच ना?"

"अर्थात! घरचं माणूस म्हणून नियम बदलतो की काय? वाचा."

वृंदाने खालमानेने वाचलं, "'या आजोबांना मुलगा होता, हे शेजाऱ्यांना काल स्मशानात कळलं!'"

दिनकररावांनी चष्मा काढून पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"'दुःखद निधन' एवढंच लिहा," ते पुटपुटले.

"लिहिते, साहेब," वृंदा म्हणाली. "आजपासून सगळ्यांचंच."