मिटलेली मूठ

टेकडीपल्याडच्या गावात मैना नावाची एक चिमुकली मुलगी राहायची. घरात भाकरी जेमतेम, पण गळा असा गोड की बुलबुलानं मान वळवून ऐकावं. गाल गुलाबी, डोळे टपोरे. आणि तिथंच सगळा घोळ होता. तिचे सांधे आतून ठणकायचे, उन्हं चढेतो अंगातलं बळ सांडून जायचं, पण वरून काही म्हणजे काही दिसायचं नाही.

"गाल बघा, कसे टोमॅटोसारखे. आणि म्हणे दुखतंय," लोक म्हणायचे. अशांना काय सांगणार, कपाळ?

गाणं शिकवायच्या अनसूयाबाई. त्यांची एक रीत होती. पितळी घंगाळात पाणी भरायचं, वर गुलाबाची पाकळी सोडायची. खिडकीतल्या झुळकीनं ती पलीकडच्या काठाला लागेपर्यंत ताठ बसून सूर धरायचा. वारंवार तुटला की त्या मुलाला वर्ग बंद.

वर्गातली सगुणा अशीच बाहेर पडली होती. "बाई, धाप लागते," ती म्हणाली होती. "नाटकं नकोत," बाई म्हणाल्या होत्या. मैना तिच्या शेजारीच बसायची, तिला ती धाप ठाऊक होती. पण आपल्यालाही काढतील म्हणून ती गप्प राहिली. सगुणा आता शेळ्या राखायची आणि साधं गुणगुणायचीही नाही. मैनाच्या मनात ते कुसळासारखं रुतून बसलं होतं.

एका सकाळी मैनाचाही सूर पुन्हा तुटला. "उद्या शेवटची संधी," बाई म्हणाल्या.

मैना डोळे पुसत मागच्या बागेत गेली. तिथं दंवानं चमचमणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकत होतं. मोरपंखी पंखांची, करंगळीएवढी परी! मैना ठणकत्या बोटांनी एकेक धागा सोडवू लागली. बोटं आखडली की थांबायची, फुंकर घालायची, परत लागायची.

"एक इच्छा माग," सुटलेली परी पंख झटकत म्हणाली.

"माझं दुखणं घालव."

"ते माझ्या हातात नाही गं, राणी. खोटं कशाला सांगू?"

मैनानं आखडलेली बोटं चोळली. "मग ते बाईंना दिसू दे."

"दिसेल. पण नियम ऐक. तुझं एकटीचं नाही, वर्गातल्या सगळ्यांचं दिसेल. ज्याला दाखवायचं नाही त्यानं मूठ मिटायची. आणि पाकळी काठाला लागली की संपलं."

दुसऱ्या दिवशी मैनानं प्रत्येकाच्या कानात नियम सांगितला. बाईंच्याही. "काय गं हे खूळ," बाई म्हणाल्या, पण त्यांची मूठ आपसूक मिटली.

पाकळी सुटली. मैनाच्या गुडघ्यांत, मनगटांत निळ्या ठिणग्या पेटल्या. कुणाच्या पोटात जांभळा काजवा, कुणाच्या कपाळाभोवती लाल-पिवळं वादळ. खोली दिवाळीसारखी उजळली आणि बाईंचा चेहरा उतरला.

"एवढं घेऊन गात होतात तुम्ही?"

"सगुणासुद्धा," मैना म्हणाली. "मला माहीत होतं. मी बोलले नाही, बाई."

बाईंनी हळूहळू मूठ उघडली. त्यांच्या पाठीत जुना, निळा जाळ धगधगत होता. "मी जन्मभर झाकलं," त्या म्हणाल्या, "म्हणून वाटलं, सगळ्यांना जमलंच पाहिजे. मूर्ख बाई मी. टेका रे भिंतीला. दमलात की सूर सोडा, शेजारचा उचलेल."

मैनाचा सूर तुटला, तो शेजारच्यानं उचलला, मग त्याच्या पलीकडच्यानं. पाकळी अलगद काठाला लागली. खिडकीत येऊन बसलेली परी मोरपंखी उजेड झाली आणि त्या उजेडातच विरून गेली.

संध्याकाळी बाई मैनाला घेऊन सगुणाच्या दारी गेल्या. "चुकलं माझं, पोरी. परत ये."

"माझंही चुकलं," मैना म्हणाली.

सगुणा शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "सूर आठवतच नाही, बाई."

आता त्या वर्गात मुलं टेकून गातात, कुणी आडवं पडूनही गातं. मैनाशेजारी एक आसन रोज अंथरलेलं असतं. सगुणा शेळ्या घेऊन कुंपणापर्यंत येते. गात नाही. पण पाकळी काठाला लागेपर्यंत तिथून हलतही नाही.