फुगेवालीचा नेम

नेमबाजी क्लबचे अध्यक्ष हैबतराव मोहिते यांनी चांदीचा करंडक वर्षानुवर्षं आपल्याच दिवाणखान्यात ठेवला होता. यंदा अंतिम फेरीत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या दातांच्या डॉक्टर सुलभा हिरवे. जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावणाऱ्या बापाची मुलगी! हैबतरावांना लहानपणी वडिलांनी विलायती बंदूक आणून शिकवलं होतं. ही बाई फुगे फोडून शिकली, आणि टाळ्या मात्र तिलाच पडत होत्या. रावांचा नुसता जळफळाट झाला.

अंतिम फेरीच्या बंदुका अध्यक्षांनी द्यायच्या, हा क्लबचा रिवाज. रावांनी बाईंच्या बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकाचा नेम धरायचा खिळा, गुपचूप वाकवून ठेवली.

"या फुगेवाली बाई, लावा नेम!"

सरावाची गोळी पार डावीकडे गेली. रावांनी मिशीला पीळ दिला. बाईंनी बंदुकीकडे एकदा पाहिलं, नेम तेवढाच उजवीकडे धरला आणि स्पर्धेच्या सगळ्या गोळ्या मधल्या काळ्या ठिपक्यात बसवल्या.

"शक्यच नाही!" राव ओरडले. "त्या बंदुकीतून नेम लागूच शकत नाही!"

सगळ्या माना रावांकडे वळल्या.

"आमच्या स्टॉलवर गिऱ्हाइकाच्या सगळ्या बंदुका अशाच असायच्या, हैबतराव," बाई म्हणाल्या. "मी शिकले तीच वाकड्या माशीवर. पण बाबा पोटासाठी माशी वाकवायचे. तुम्ही कशासाठी वाकवलीत?"

करंडक त्याच संध्याकाळी दवाखान्यात, कवळ्यांच्या शेजारी जाऊन बसला.