भागोजीची पेन्सिल आणि बिरदेवाचं मैदान

चिंचओढा नावाच्या गावात भागोजी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. कामाला वाघ. सांगितलेलं काम तो करायचाच. अडचण एवढीच की सांगितलेलंच करायचा.

त्याच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, एसटी थांब्याजवळ कॉम्प्युटरचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, दहाव्याचे निरोप, सगळं तिथं तयार व्हायचं. भागोजी झाडलोट करायचा आणि गिऱ्हाईक नसलं की फिरत्या खुर्चीत बसायचा. त्या खुर्चीवर त्याचा फार जीव.

यंदा बिरदेवाच्या जत्रेतल्या कुस्ती मैदानाचं पोस्टर अक्काला मिळालं होतं. शनिवारी दुपारपर्यंत ते तालुक्याच्या छापखान्यात पोचलं पाहिजे होतं. पण कॉम्प्युटर म्हातारा. एका पैलवानाचा फोटो उघडेपर्यंत चहा निवून जायचा. अक्का आधीच वैतागलेली. तिनं भागोजीला बजावलं की या कामात काही घोळ घातलास तर दुकानातून थेट बाबांच्या म्हशींकडे. भागोजीनं एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि मान हलवली.

गुरुवारी रफीक मिस्त्री आला. त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत वीतभर धूळ. ती त्यानं फू करून उडवली आणि भागोजीला सांगितलं, भुकटी दिसली की थांबायचं नाही, फुंकून मोकळं व्हायचं.

भागोजीनं ते मनात पक्कं केलं.

मिस्त्री गेला आणि जत्रा समितीचे अध्यक्ष बाळगोंडा पाटील आले. वय बहात्तर, धोतर पांढरंशुभ्र, हातात देवाच्या भंडाऱ्याचं ताट. पोस्टरच्या कामाला हात लागण्याआधी दुकानात भंडारा द्यायचा, ही गावची रीत. त्यांनी ताट पुढं केलं. भागोजीला पिवळी भुकटी दिसली. तो थांबला नाही.

पाटील मिशीपासून धोतरापर्यंत पिवळे झाले. बराच वेळ ते नुसते शिंकत राहिले.

अक्कानं त्यांची माफी मागितली, आतून टॉवेल आणून दिला. पाटील गेल्यावर तिनं भावाला समोर उभं केलं.

"भाग्या, असं कुणी काही पुढं धरलं की फुंकतात व्हय? बोटावर घ्यायचं, कपाळाला लावायचं, हात जोडायचे."

"बरं अक्का," भागोजी म्हणाला.

धूळ गेली तरी कॉम्प्युटर काही हलेना. शुक्रवारी मिस्त्री पुन्हा आला. म्हणाला, आता याचा वेगच वाढवतो. त्यानं आतला पंखा काढला. पंख्याखाली चौकोनी चिप होती, तिला प्रोसेसर म्हणतात. कॉम्प्युटरचं डोकं म्हणजे तेच. डोकं पळालं की तापतं, म्हणून चिप आणि पंख्याच्या मध्ये पांढरी पेस्ट लावावी लागते. मिस्त्रीनं नळी पिळली, होती नव्हती ती पेस्ट कागदावर काढली आणि भागोजीपुढं धरली.

भागोजीनं बोटावर घेतली. कपाळाला आडवी लावली. प्रोसेसरला हात जोडले.

मिस्त्रीनं ती पेस्ट लग्नपत्रिकेच्या कडेनं त्याच्या कपाळावरून खरवडून घेतली. तेवढ्या वेळात तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्यानं भागोजीला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, हात मांडीवर ठेवायचे. मी काय करतो ते नुसतं बघायचं आणि लक्षात ठेवायचं.

भागोजी डोळे न मिटता बघू लागला.

चिपच्या पाठीवर सोनेरी ठिपके होते, मोहरीहून बारीक. मिस्त्रीनं खिशातून शाळेतली साधी पेन्सिल काढली, टोक केलं आणि एका ठिपक्यापासून समोरच्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढली. मग दुसरी. मग तिसरी. पेन्सिलीच्या शिशातून वीज जाते, त्यानं समजावलं. ठिपका ठिपक्याला जोडला की चिपला वाटतं, आपल्याला जोरात पळायची परवानगी मिळाली.

"आणि एखादा ठिपका राहिला तर?" भागोजीनं विचारलं.

"तर काम तिथंच अडलं," मिस्त्री भिंगातून बघत म्हणाला.

त्यानं सगळं बसवलं, बटण दाबलं. आणि कॉम्प्युटर असा पळाला की अक्काचा चहा कपात ओतून होण्याआधी सहा पैलवान पडद्यावर हजर. अक्का चक्क हसली. भागोजीनं मिस्त्रीची पेन्सिल मागून घेतली आणि कानावर अडकवली.

शनिवारी सकाळी पोस्टर तयार झालं. फक्त जोड्या राहिल्या होत्या. कुणाची कुस्ती कुणाशी, हे समिती अगदी शेवटच्या दिवशी ठरवते. समितीचा कागद आला. डावीकडे गावचे पैलवान, उजवीकडे बाहेरचे, प्रत्येक नावापुढं ठिपका, आणि ज्यांची जोड लागली त्यांच्यामध्ये रेघ. डावीकडे खाली तीन राखीव पैलवान होते. उजवीकडे खाली जागा उरली म्हणून तिथं तीन पाहुण्यांची नावं लिहिलेली. स्वतः बाळगोंडा पाटील, निवृत्त उपाध्ये गुरुजी आणि दूध संस्थेच्या अध्यक्षा सुनंदाताई. अक्कानं पेनड्राइव्ह आणि कागद भागोजीच्या हातात दिला. छापखानेवाला रेघा बघून जोड्या घालेल, तू फक्त काम लवकर उरकून घे, एवढंच सांगितलं.

एसटीत भागोजीनं कागद उघडला. डावीकडचे तीन ठिपके सुटे. उजवीकडचे तीन ठिपके सुटे. काम तिथंच अडणार, आणि आपण म्हशींकडे जाणार.

त्यानं कानावरची पेन्सिल काढली. एसटी खड्ड्यात आदळत होती, तरी तीन रेघा अगदी सरळ आल्या.

छापखानेवाला परगावचा. कोण पैलवान, कोण पाहुणा, त्याला काय ठाऊक? रेघ दिसली, जोड घातली. तासाभरात पोस्टरं छापून झाली आणि जीपमधून अकरा गावांना गेलीसुद्धा. भागोजी घरी आला तो छाती काढूनच.

रविवारी सकाळी बाळगोंडा पाटील दुकानात आले. त्यांनी पोस्टर टेबलावर पसरलं. अक्कानं वाचलं. हिंदुराव कोळेकर विरुद्ध बाळगोंडा पाटील. हिंदुराव राखीव पैलवान, एकशे दहा किलोचा. त्याखाली गुरुजी. त्याखाली सुनंदाताई.

"काम पळालं की नाही, अक्का?" भागोजीनं विचारलं.

अक्काला धड रडूही येईना. पाटील म्हणाले, गुरुवारी जत्रा, त्याच्या आत हे निस्तरलं नाही तर तुझ्या दुकानाला गावचं काम कायमचं बंद. अक्का भावाकडे वळली. तिची नजर त्याच्या कानावरच्या पेन्सिलीवर गेली.

"रेघा मारताना हात आखडला नाही ना? आता अकरा गावं फीर आणि ती नावं खोडून ये."

"कुठली नावं?"

"तू जोडलेली. दुसरी कुठली?"

भागोजीनं नीट आठवून पाहिलं. रेघ सुरू केली होती डावीकडून, म्हणजे जोडले होते पैलवान. पाहुण्यांना तो फक्त जाऊन मिळाला होता. त्यानं चुन्याचं डबडं आणि कुंचला घेतला. तीन दिवस तो अकरा गावं फिरला. एक भिंत सोडली नाही, एक खांब सोडला नाही. तिन्ही राखीव पैलवानांची नावं अशी सफाईनं पुसली की जागा कोरी दिसावी.

आता आमच्या भागात पोस्टरवर एका बाजूला नाव आणि समोर कोरी जागा असली की त्याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. खुलं आव्हान. ज्याच्या अंगात दम असेल त्यानं यावं.

गुरुवारी, जत्रेच्या दिवशी उजाडताच बाळगोंडा पाटलांच्या अंगणात त्रेचाळीस पैलवान उभे होते. बहात्तराव्या वर्षी अकरा गावांना आव्हान देणारा गडी बघायला काही जण तर नदी ओलांडून आले होते. पाटलांनी खिडकीच्या फटीतून पाहिलं आणि कडी लावली. मग मागच्या दारानं भागोजीला बोलावून घेतलं.

"भागोजी," ते कुजबुजले, "माझ्या दारातनं हे एवढे घालव. तुला दुकानातनं कोण हलवतं ते मी बघतो. खुर्ची तुझी."

भागोजी अंगणात आला. त्यानं सगळ्यांना रामराम केला.

"पाटील काही आज बाहेर येत नाहीत," तो म्हणाला. "पण तुम्ही नाराज होऊ नका. गुरुजी आणि सुनंदाताई घरीच आहेत. चला, दार दाखवतो."