शेवंती घोडी आणि एकपाण्याचा हौद

एका राज्यात वारा वाहायचा थांबला, त्याला तीन वर्षे झाली होती. मळणी व्हायची, पण उफणणी व्हायची नाही. बायका खळ्यावर उंच उभ्या राहून सूप कलते करीत, आणि दाणा व भूस दोन्ही सरळ पायाशी येऊन पडत. किल्ल्यावरचे निशाण काठीला चिकटून बसले होते. तीन वर्षांच्या आतली पोरे पानांची सळसळ ऐकल्यावाचूनच चालू-बोलू लागली होती. लोक हाताने निवडून निवडून किती दाणे काढणार? बाकीचे धान्य भुसात कुजत होते, आणि या साली वारा आला नाही तर पेरायलाही बी उरणार नव्हते.

वारे सात होते. ते मांत्रिक शतपवनाच्या डोंगराच्या पायथ्याशी खुंट्यांना बांधलेले असत. दरसाल चैत्रात तेथे सात राज्यांच्या घोड्यांची शर्यत भरे. पहिले येण्याची अट नव्हती. जो घोडा डोंगराला पुरती फेरी घालील, त्याच्या राज्याला वर्षभराचा वारा मिळे. वर्ष सरले की वारा आपणहून परत खुंटीला येई.

पण या राज्याचे घोडे तीन वर्षे फेरी पुरी करू शकले नव्हते. जात ते धडधाकट जात. तेथे त्यांना गळगाठ होई. अंगात ताप भरे, नाक वाहू लागे, जबड्याखाली गाठ येई आणि श्वास कोंडे. जे परत येत, ते तो रोग घरी घेऊन येत. राजा रणधवलाच्या पागेत नव्वद घोडी होती. आता एक उरली होती. तिचे नाव शेवंती.

शेवंतीची निगा राखणारी मोतद्दारीण भिवरा होती. नव्वदांतल्या एकोणनव्वदांच्या तोंडावरून तिने शेवटचा हात फिरवला होता.

राजा म्हणाला, "भिवराबाई, शेवंतीला शर्यतीला न्यायची आहे."

"न्यावी, महाराज. पण माझ्या रीतीने."

"तुझी रीत कोणती?"

"ती अजून मलाही ठाऊक नाही. विचारून येते."

गावाबाहेरच्या माळावर एक म्हातारी टिटवी राहत असे. तिच्या आजीच्या आजीपासून सगळ्या टिटव्यांनी ती शर्यत वरून पाहिली होती. भिवरा तिच्यापुढे जाऊन बसली.

टिटवी म्हणाली, "आभाळ पडेल म्हणून मी पाय वर करून निजते, असे म्हणून तुम्ही माणसे मला हसता. आज कशी आठवण झाली?"

"हसणारे हसतात. मी अडलेली आहे, टिटवे."

"मग ऐक. तीन गोष्टी आहेत. एकटी ठेव, एकटी ने, एकटी पाज."

"एवढेच?"

"करून बघ, म्हणजे एवढेच का ते कळेल."

भिवराने माळावर कुडाचे एक छप्पर उभे केले आणि शेवंतीला एकवीस दिवस तेथे एकटी ठेवली. रोज सकाळी ती घोडीच्या कानाच्या मुळाशी हात लावून पाही आणि अंग थंड असले की दोरीला एक गाठ मारी. राणीसाहेब ओवाळायला आल्या, तर त्यांना वीस पावलांवरून ओवाळावे लागले. राजपुरोहित टिळा लावायला आले. वाटेत त्यांनी गावातल्या चार तट्टांना टिळे लावले होते. भिवराने त्यांच्यापुढे राख आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

पुरोहित म्हणाले, "बाई, हा हात देवाला चालतो."

"देवाला गळगाठ होत नाही, गुरुजी. हात धुवा."

पुरोहितांनी कोपरापर्यंत हात धुतले. भिवराने त्यांना पुन्हा एकदा धुवायला लावले.

दोरीला एकवीस गाठी झाल्या. निघण्याच्या दिवशी भिवरा विहिरीवर पखाली भरायला गेली, आणि तेवढ्यात राजा माळावर आला. त्या सात राज्यांत लगामभेटीची चाल होती. दोन राजे मित्र झाले की आपापल्या आवडत्या घोड्याचा लगाम एकमेकांना देत आणि मोठ्या कामाला निघताना तोच घालीत. न घालणे म्हणजे मैत्री मोडणे. रणधवलाजवळ मेघवर्मा राजाने दिलेला रुपेरी लगाम होता. तो त्याने मोठ्या प्रेमाने शेवंतीच्या तोंडात घातला.

भिवरा आली, तिने पाहिले आणि खांद्यावरची पखाल खाली ठेवली.

"महाराज, हा धुतला होता का?"

"मित्राची भेट कोणी धुते काय?"

भिवराने लगाम काढला, उकळत्या पाण्यात टाकला, आणि घोडीचे तोंड तीनदा धुतले. पण घोडीचा तो चघळून झाला होता.

मग ते तिघे निघाले. राजा पुढे, शेवंती मध्ये, पखाली लादलेल्या बैलाला हाकीत भिवरा मागे. घोडीचा तोबरा, बादली, खरारा, सगळे घरून घेतले होते.

चौथ्या दिवशी वाटेत एक धर्मशाळा लागली. तिच्या दारात कोणी नव्हते. आत शंभर गव्हाणी होत्या आणि त्या आपोआप हिरव्यागार हरभऱ्याने भरत होत्या. प्रत्येक गव्हाणीपुढे भिंतीवर एकेका घोड्याची सावली उभी होती. घोडा कोठेच नव्हता. सावल्या माना खाली घालून चरत होत्या, आणि चरण्याचा आवाज स्पष्ट येत होता.

राजा हळूच म्हणाला, "हे कोण?"

"इथे जे उतरले ते," भिवरा म्हणाली. "आपण बाहेर बाभळीखाली उतरू."

सहाव्या दिवशी नदी लागली. पाण्यातून एक घोडा वर आला. तो सगळा पाण्याचाच होता. त्याच्या छातीतून मासे फिरताना दिसत होते, आणि आयाळीतून धारा गळून परत नदीला मिळत होत्या. राजाने आपोआप हात जोडले.

घोडा म्हणाला, "घोडीला माझ्या तोंडाला तोंड लावू दे. नदी दुभंगून वाट देईन."

भिवरा दोघांच्या मध्ये उभी राहिली. "नाही लावू देणार. आम्ही वळसा घालून जाऊ."

"वळसा तीन दिवसांचा आहे."

"मग तीन दिवस चालू."

पाण्याचा घोडा म्हणाला, "मीही एकदा शर्यतीला निघालो होतो. मला कोणी अडवले नाही."

एवढे बोलून तो विरघळला. नदी मधोमध दुभंगली, आणि ते तिघे कोरड्या वाळूवरून पलीकडे गेले.

नवव्या दिवशी डोंगर आला. राजा आणि भिवरा पायथ्याशी उभे राहिले. माळावर सात मोठ्या खुंट्या ठोकल्या होत्या. सहांना बांधलेले दोर आकाशात ताठ उभे होते. दोरांच्या टोकाला काहीच दिसत नव्हते, पण दोर हिसके घेत होते आणि वर कोणीतरी मोठमोठे श्वास टाकीत होते. सातवा दोर सैल पडला होता. राजाने जवळ जाऊन पाहिले, तर त्याचाही वारा होता. तो जमिनीशी अंग टाकून पडला होता. तीन वर्षे त्याला कोणी सोडलेच नव्हते. राजाने खाली हात नेला, तेव्हा त्याच्या बोटांना एक क्षीण झुळूक लागली. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

मैदानाच्या मध्यभागी सोन्याचा हौद होता. तो कोणी भरीत नसे आणि तो कधी आटत नसे. त्याचा तळ कोणी पाहिलेला नव्हता. शर्यतीच्या आदल्या दिवशी सातही घोड्यांनी त्या हौदात एकदम तोंड घालून पाणी प्यायचे, याला एकपाणी म्हणत. सहा राजे आपापले घोडे घेऊन हौदाशी उभे होते. त्यांचे मोतद्दार सारखे रेशमी रुमालांनी घोड्यांची नाके पुशीत होते. पुसून झाले की रुमाल कमरेला लपवीत होते.

मांत्रिक शतपवन म्हणाला, "एकपाणी घ्या."

सहा घोड्यांनी माना खाली घातल्या. भिवराने पखालीतले पाणी बादलीत ओतले आणि शेवंतीला दूर उभी करून पाजले.

एक राजा हसून म्हणाला, "रणधवला, तुझ्या घोडीने सोवळे नेसले आहे काय?"

दुसरा म्हणाला, "एकोणनव्वद घोडी जेवू घातली त्याने रोगाला. आता एकीला उपास घडवतोय."

रणधवलाने मान खाली घातली. शतपवन म्हणाला, "नियम पाणी पिण्याचा आहे. पाणी कोणाचे, ते नियमात नाही."

अशा रीतीने टिटवीच्या तिन्ही गोष्टी पार पडल्या.

शर्यतीच्या सकाळी भिवराने शेवंतीच्या कानाच्या मुळाशी हात लावला. हात तसाच राहिला. मग तिने जबड्याखाली चाचपून पाहिले. तेथे हरभऱ्याएवढी गाठ होती.

राजाने भिवराचे तोंड पाहिले आणि त्याला कळले.

"लगाम," तो म्हणाला.

"होय, महाराज."

"ती फेरी पुरी करील का?"

भिवरा खोटे बोलली नाही. "करील. ताप आजच चढू लागला आहे. आज धावेल. उद्या उठेल की नाही, सांगता येत नाही."

"कोणाच्या लक्षात येईल का?"

"येणार नाही. रांगेत सहा घोडे तोंडाला तोंड लावून उभे राहतील, आणि त्यांच्यात जो कोणी अजून निरोगी असेल त्याला ती हे देईल. एवढेच होईल."

राजा खाली दगडावर बसला. "भिवराबाई, तिकडे खळ्यांवर माणसे वाट पाहत आहेत. मी रिकाम्या हाताने गेलो तर पुढच्या साली पेरायला बी नाही. एका घोडीसाठी हे करू?"

"राज्य आपले आहे, घोडी आपली आहे. हुकूम द्याल तर दुसरा कोणी तिला रांगेत नेईल. मी एकोणनव्वद पुरली. ती सगळी अशाच कोणीतरी गप्प राहिल्याने मेली. माझा हात ते करणार नाही."

राजा उठला. त्याने आपला मुकुट काढून दगडावर ठेवला, मैदानात गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला.

"माझी घोडी आजारी आहे. तिला गळगाठ झाली आहे. चूक माझी आहे, कारण न धुतलेला लगाम मी तिच्या तोंडात घातला. ती रांगेत येणार नाही. कोणी तिच्याजवळ येऊ नका."

त्या मैदानावर हे वाक्य आजवर कोणी उच्चारले नव्हते. वरचे सहाही वारे श्वास धरून राहिले. सहा राजे एकमेकांकडे पाहू लागले. आता कोणी हसले नाही.

रणधवल माघारी वळला. तो दहा पावले गेला असेल, तोच मागून आवाज आला. काल सोवळ्यावरून हसलेला राजा बोलत होता.

"माझाही," तो म्हणाला. "परवापासून खोकतो आहे."

मग दुसरा म्हणाला, "माझाही." मग तिसरा बोलला, आणि चौथा. पाचव्याने काहीच न बोलता मोतद्दाराच्या कमरेचा रुमाल ओढून सगळ्यांपुढे धरला. शेवटी मेघवर्मा राजा पुढे आला.

"मित्रा, माझ्या घोड्याला हे गेल्या सालापासून आहे. बरा दिसला की मी धाववतो. तो लगाम त्याचाच."

रणधवल म्हणाला, "तू प्रेमाने दिलास. मी प्रेमाने घातला."

"धुवून द्यायचे सुचले नाही."

"मलाही सुचले नाही."

तेव्हा हौदाचे पाणी खाली जाऊ लागले. कोणी उपसले नाही, कोठे भोक पडले नाही. ते हात-हात उतरत गेले, आणि शंभर वर्षांत कोणी न पाहिलेला तळ वर आला. तळाशी घोड्यांच्या नाला पडल्या होत्या. हजारो, गंजलेल्या, लहान-मोठ्या, एकावर एक. त्या कोणाच्या होत्या हे सांगावे लागले नाही. भिवरा काठाशी गुडघे टेकून बसली. सात राजे तिच्या मागे उभे राहिले.

शतपवन म्हणाला, "माझ्या पणजोबांनी हा हौद सात राज्यांच्या मैत्रीसाठी बांधला. पहिल्याच साली एका राजाने आजारी घोडा लपवून पाजला. हौद त्या दिवशी बोलला: जे लपवाल, ते मी सर्वांना वाटीन. त्यानंतर माझ्या घराण्याला फक्त पाहत राहण्याची परवानगी होती. आज लपवायला काही उरले नाही."

खुंट्या हौदाच्या ओलीत रुतलेल्या होत्या. हौद आटला तशी माती भुसभुशीत झाली, आणि एकेक खुंटी आपोआप सुटून आली. सहा दोर सळसळत आकाशात गेले. सातवा वारा आधी गुडघ्यांवर उठला, मग उभा राहिला. त्याने रणधवलाचे केस विसकटले, शेवंतीच्या तापलेल्या कपाळावर क्षणभर टेकला, आणि घराच्या दिशेने निघून गेला. त्यापुढे वारे कोणी बांधले नाहीत आणि कोणी जिंकले नाहीत. ते ज्याच्या त्याच्या राज्यात राहिले. शर्यत मात्र दरसाल होते. जो आपला घोडा घेऊन येतो, तो आधी वेशीवर थांबून त्याचे अंग कसे आहे ते मोठ्याने सांगतो, आणि पाणी घरचे आणतो.

सातही राजे त्याच दिवशी परत निघाले, प्रत्येक जण वेगळ्या वाटेने.

रणधवल आपल्या राज्याच्या वेशीशी पोहोचला आणि तेथेच थांबला. आत गावकऱ्यांची तट्टे होती, आणि दोन शिंगरे नुकतीच जन्मली होती. त्याने शेवंतीसाठी वेशीबाहेर छप्पर घातले आणि स्वतःही तेथेच राहिला. भिवरा शेक देत होती. आठव्या दिवशी गाठ फुटली, आणि शेवंतीने पहिला मोकळा श्वास घेतला. त्यानंतर एकवीस दिवस नव्याने मोजायला घेतले.

पलीकडे गावात उफणणी चालू होती. सोनेरी भूस उंच उडत होते, वेशीवरून इकडे येत होते, घोडीच्या पाठीवर आणि राजाच्या खांद्यावर बसत होते. सुपातून पडणाऱ्या धान्याचा आवाज येथवर ऐकू येत होता.

भिवरा म्हणाली, "महाराज, आपण तरी आत जा. लोक वाट पाहत आहेत. अंघोळ करून, कपडे बदलून गेलात तर चालेल."

"आणि रात्री पुन्हा इथे आलो तर?"

"तर चालणार नाही."

"आज कितवा दिवस?"

"चौदावा."

"मग सातच राहिले," राजा म्हणाला, आणि शेवंतीची बादली राखेने घासू लागला.