काचेच्या पेटीतला काटा

त्या राज्यात बिबटे होते आणि साळिंदरे होती, आणि बिबट्यांची भूक साळिंदरांच्या सोयीने कमीजास्त होत नसे. म्हणून टेकडीवर साळिंदरांच्या मुलांसाठी एक सैनिकी शाळा होती. दूध सुटले की आईबाप पोराला तिथे नेऊन सोडत आणि डोळे पुसत, पण ताठ मानेने, घरी परतत.

शाळा काढली होती नदीपलीकडून आलेल्या एका रानडुक्कर सेनापतीने. तो शूर होता, निवृत्त होता, आणि साळिंदराची पाठ त्याने कधी नीट पाहिलीच नव्हती. रानडुक्कर समोरून धडक देते, तेव्हा लढायचे ते समोर तोंड करूनच, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कवायतीच्या पुस्तकातला ‘मागे वळ’ हा हुकूम त्याने स्वतःच्या सुळ्याने खरवडून काढला. शत्रूसमोर वळायचे नाही, हे शाळेचे ब्रीद ठरले. पुढे ते इतके अंगात मुरले की मैदानाच्या टोकाला पोहोचलेली तुकडी उलट पावलांनी परत येई, आणि जेवणघरातून निघताना कंदांच्या टोपलीकडेसुद्धा कुणी पाठ करत नसे.

सेनापती जाऊन तीन पिढ्या लोटल्या, तरी सगळे त्याच्याच शिरस्त्याने चाले. संचलनाला मुले तोंडात लाकडी सुळे बांधत. काट्यांचे काय करायचे, हे पुस्तकात कुठेच नव्हते, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला काटे नव्हते. तेव्हा रोज दुपारी तेल लावून ते चापूनचोपून बसवले जात. ज्याचे काटे उभे राहत किंवा खुळखुळत, त्याचे त्या दिवशीचे जेवण बंद. आईबापांना ही शिस्त फार आवडे. सुट्टीत घरी आलेले पोर कसे गुळगुळीत दिसते, हे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवत.

सभागृहाच्या भिंतीवर बिबट्याला सामोरे गेलेल्यांची नावे कोरली होती. प्रत्येक नावापुढे तेच एक वाक्य होते: अखेरपर्यंत समोर पाहत होता. ती भिंत भरली तेव्हा प्राचार्यांनी दुसरी बांधून घेतली आणि तिच्या उद्घाटनाला रताळी वाटली.

भिंतीजवळच्या काचेच्या पेटीत, मखमलीवर, एक काटा ठेवलेला होता. चांगला लांबलचक, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, टोकाला रक्त वाळलेला. बिबट्याने खडकावर नाक घासघासून तो काढून टाकला होता आणि शाळेने तो वाजतगाजत आणला होता. काटा होता कवायतीचा उस्ताद निबर याचा. बिबट्याच्या तावडीतून जिवंत परतलेला तेवढा एकच. एवढा लांब काटा साळिंदराच्या अंगावर नेमका कुठे उगवतो, हे खरे तर शाळेतल्या कुणालाही स्वतःच्या अंगावरून कळले असते. पण त्या पेटीसमोर सलाम ठोकायचा असे, विचार करायचा नसे.

निबर पाठीवर कायम झूल घालून असे. ती मानाची झूल आहे असे सगळे समजत, आणि तोही समजू देई. एवढ्यावर त्याचे आयुष्य छान निघाले होते. नोकरी, मान, संस्थापकदिनी व्यासपीठावरची खुर्ची, सगळे त्या झुलीखाली सुखात नांदत होते. त्याच्या मुलीचा मुलगा बाणा शाळेत आला आणि ते सुख बिघडले. बाणा कवायतीत पहिला, पाठांतरात पहिला, आणि त्याच्याइतके चपटे काटे शाळेच्या इतिहासात कुणाचे झाले नव्हते. निबरला नातवाचा अभिमान वाटे आणि लगेच त्याची धास्तीही वाटे, कारण नव्या भिंतीवर अजून बरीच जागा शिल्लक होती.

संस्थापकदिनाच्या आदल्या दुपारी तो बाणाच्या पाठीला तेल लावत बसला होता.

“उस्ताद,” बाणाने विचारले. शाळेत तो त्याला आजोबा म्हणत नसे. “बिबट्या तुमच्यापासून किती लांब होता?”

“त्याच्या तोंडाचा वास येत होता.”

“आणि तरी तुम्ही वळला नाहीत.”

निबरचा पंजा थांबला. सांगून टाकावे, असे अगदी ओठांवर आले. पोर चिडेल, आठ दिवस बोलणार नाही, पण जगेल. मग त्याला उद्याची खुर्ची आठवली, आणि तिच्यावर बसले की आपल्याकडे वर पाहणारी सगळी तोंडे आठवली.

“मान खाली कर,” तो म्हणाला. “मानेवरचे राहिलेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हाने सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या असताना, संचलन सुरू झाले. पहिल्या रांगेत मोठी मुले, मधोमध बाणा. त्यांच्यापुढे दोन्ही बाजूंना फुले उधळायला बालतुकडी उभी केली होती. ती पोरे येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. त्यांच्या काट्यांना अजून तेल लागले नव्हते आणि सुळे त्यांच्या तोंडात मावत नव्हते.

बिबट्याला निमंत्रण नव्हते, पण वाद्ये दूरवर ऐकू जात होती. त्याने कुंपणावरून उडी घेतली आणि सरळ पहिल्या रांगेसमोर येऊन उभा राहिला. रांग हलली नाही. व्यासपीठावर प्राचार्यांचा ऊर भरून आला. भिंत बांधली ते बरे झाले, असे त्यांच्या मनात येऊन गेले. बिबट्याने रांगेवरून नजर फिरवली, गुळगुळीत असे एक पोर पसंत केले आणि पंजा उचलला. ते पोर बाणा होते.

निबर खुर्चीवरून कधी उठला, हे त्यालाही कळले नाही.

“मागे वळ!” तो ओरडला. “पोरांनो, मागे वळ!”

मैदानभर ऐकू गेले. पण हा हुकूम कुणाला शिकवलेलाच नव्हता. बाणाने आजोबांचा आवाज ओळखला आणि तो फक्त आणखी ताठ झाला.

हुकूम बालतुकडीलाही समजला नाही. ती नुसती घाबरली. घाबरून गर्रकन वळली, काटे फुलवले, आणि खुळखुळ करत उलट पावलांनी जी सुटली ती थेट बिबट्याच्या अंगावर. उलटे चालणे तेवढे आठ दिवसांत शिकवून झाले होते. बिबट्याच्या नाकात, हनुवटीत, पंजात काटे घुसले. तो कळवळत कुंपणापलीकडे गेला.

चौकशी रीतसर झाली. बाणाने खरे ते सांगितले, कारण खोटे बोलायचे नाही हेही शाळेने शिकवले होते: उस्तादांनी मागे वळायचा हुकूम दिला. शत्रूसमोर वळल्याबद्दल बालतुकडीला आयांकडे परत पाठवण्यात आले. मैदानात पडलेले सात काटे पुसून काचेच्या पेटीत जुन्या काट्याशेजारी मांडले, आणि खाली पाटी लावली: पहिल्या रांगेच्या अढळ धैर्याची स्मृती. निबरला काढून टाकायचे ठरले. झूल शाळेच्या मालकीची असल्याने ती फाटकाशी ठेवून जावे, असेही कळवले.

निरोपाला सगळी शाळा मैदानात उभी होती. रिवाजाप्रमाणे निबर शाळेकडे तोंड ठेवून उलट पावलांनी फाटकापर्यंत गेला. तिथे थांबून त्याने बाणाकडे पाहिले. त्याला फार लाज वाटत होती, आणि फार हलकेही वाटत होते. त्याने झुलीची गाठ सोडली, झूल घडी करून खांबाशी ठेवली आणि सावकाश वळला.

उस्तादांची पाठ शाळेने प्रथमच पाहिली. दाट काळ्या-पांढऱ्या काट्यांमध्ये, शेपटीच्या जरा वर, एक जागा मोकळी होती. एका काट्यापुरती.

तो टेकडी उतरत गेला. कुणी हलले नाही, कारण समोर पाहत राहणे सगळ्यांना उत्तम येत होते. प्राचार्यांनी घाईघाईने विसर्जनाचा हुकूम दिला. तो पुरा व्हायच्या आत, पहिल्या रांगेच्या मधोमध, तेलाने बसवलेल्या एका पाठीवर काटे खुळखुळले.