दाण्यात अडकलेले स्फुरद

एकदा एका गावातील अकरा स्त्रियांनी मिळून ब्रॉयलर कोंबड्यांचे शेड उभारले आणि खाद्य तयार करण्याचे काम कुमुदवर सोपवले. एका वृद्ध पशुवैद्यांकडे ती ही विद्या शिकत होती. पहिली बॅच तीन आठवड्यांची झाली आणि पक्षी लंगडू लागले. हाडे कच्ची राहिली असणार, हे ओळखून कुमुदने खाद्यात चुनखडीची भुकटी वाढवली. लंगडणे थांबेना. तिने आणखी वाढवली. अखेर कित्येक पक्षी जागेवरच बसले; त्यांना खाद्याच्या भांड्यापर्यंतही जाता येईना. भांडी दाण्याने भरलेली आणि पक्षी उपाशी!

"अजून एक बॅच बघू," अकरा जणींतल्या रखमाक्का सर्वांच्या वतीने म्हणाल्या. "तीही अशीच गेली, तर शेडला कुलूप."

नवी पिले यायच्या आदल्या दिवशी कुमुदने पशुवैद्यांना बोलावून आणले. त्यांनी खाद्याचे प्रमाण वाचले आणि म्हणाले, "चुनखडी निम्मी कर."

"काका, हाडं आधीच कच्ची राहतायत!"

"निम्मी." मग त्यांनी सोबत आणलेल्या पुडीतून दोन-तीन चमचे भुकटी काढली. "हे विकर, म्हणजे एन्झाइम. आधी मूठभर भरड्यात कालव, मग परातभर भरड्यात आणि मग सगळ्या खाद्यात."

एवढ्याशाने काय होणार, असे तिला वाटले. पण गुरूंचा शब्द तिने मोडला नाही. रोज सकाळी ती शेडमध्ये जाई आणि एकेका पक्ष्याची चाल निरखी. तीन आठवडे उलटले. पंचविसाव्या दिवशी ती दाणा घेऊन आत शिरली, तोच सारे शेड उसळून तिच्याकडे धावले! मागून आलेल्या रखमाक्का दारातच थबकल्या.

"अगं बाई! हे तर माझ्या पायांवरनं पळतायत!"

बाकीच्या स्त्रियाही धावत आल्या आणि एकच जल्लोष उठला. त्या गलबल्यातच कुमुदने पक्षी पाहायला आलेल्या पशुवैद्यांना गाठले. "काका, मी वाढवून बिघडलं आणि तुम्ही कमी करून सुधारलं. हे कसं?"

वृद्ध म्हणाले, "पोरी, हाडाला चुन्याबरोबर स्फुरद, म्हणजे फॉस्फरसही लागतं. मक्यात आणि सोयापेंडीत ते भरपूर आहे, पण गाठ मारून बसलेलं. ती गाठ सोडवणारं विकर कोंबडीच्या पोटात पुरेसं नसतं. वरून तू चुनखडी ओतत गेलीस, तशी गाठ अधिकच आवळली. मी नवं काही फारसं दिलं नाही. दाण्यात होतं तेच मोकळं केलं."

कुमुद हळूच म्हणाली, "म्हणजे मी मोजून घालत नव्हते, काका. घाबरून घालत होते."

वृद्धांनी प्रसन्नपणे मान डोलावली. बाहेर रखमाक्का पुढच्या बॅचची तारीख ठरवत होत्या.

उणीव दिसली की भर घालण्याआधी, जवळ आहे ते पोहोचते का, एवढे पाहावे.